घुबड दिसेपर्यंत

सोमवार, ५ फेब्रुवारी

आज संध्याकाळी ड्युलूथला पोचायचं होतं. पोचलो नाही. जेमतेम तासाभराचा रस्ता राहिला असताना या दलदलीच्या गावात अडकून बसलो आहोत. कारण ऐकून माझा नवरा आर्लो हसून लोळला असता.

घडलं ते असं. कॉफीसाठी डार्लीन नावाच्या बाईच्या खानावळीत थांबलो. शेजारच्या टेबलावर टेक्ससचा एक गडी बसला होता. हाताएवढं लांब भिंग लावलेला कॅमेरा त्याने लहान पोराला बसवावं तसा शेजारच्या खुर्चीत बसवला होता. तो डार्लीनला मोठ्या राखी घुबडाबद्दल सांगत होता. म्हणे कॅनडातून उतरतं, भर दिवसा शिकार करतं, आणि लोक आठवडा आठवडा फिरून हात हलवत परत जातात. माझ्या सासूबाई, बेस्ता, कॉफीत साखर ढवळत होत्या. त्या थांबल्या.

“कोणी कोणी हात हलवत परत जातं?” त्यांनी विचारलं.

“बरेच जण, आजी. फार लपून राहतं ते.”

बेस्ता माझ्याकडे वळल्या. “मर्ना, मला ते घुबड बघायचंय.”

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या सासूला कोंबड्यांखेरीज दुसऱ्या कुठल्या पक्ष्याकडे मान वळवताना मी पाहिलेलं नाही. कोंबड्यांकडेही त्या कापायच्या आधीच बघत. मी म्हटलं, तुमची लेक जोॲन जेवायला वाट बघत असेल. त्या म्हणाल्या, “जोॲनकडे काय, जन्मभर राहायचंय. घुबड दिसलं की लगेच निघू. दिसेपर्यंत थांबू.”

अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईला घुबडासाठी नाही कसं म्हणायचं? डार्लीनकडे वरच्या मजल्यावर दोन पलंगांची खोली मिळाली. आर्लोच्या बहिणीला, जोॲनला, फोन केला. ती म्हणाली, “आईला? घुबड?”

रात्री गारठा फार पडणार म्हणून इंजिन गरम ठेवायची वायर भिंतीतल्या प्लगात लावून आले. हे काम आर्लोचं होतं. तो गेला त्याला दोन हिवाळे झाले, तरी वायर हातात घेतली की वाटतं, तो आतून ओरडेल, “राहू दे, मी करतो.”

मंगळवार

उजाडायच्या सुमारास निघालो. डार्लीनने सांगितलं होतं की कच्च्या रस्त्यांवर बैलगाडीच्या चालीने जायचं, गाडीतून उतरायचं नाही, आणि काळ्या स्प्रूस झाडांच्या शेंड्यांवर नजर ठेवायची. दोन्ही बाजूंना बर्फात बुडालेली खुरटी झाडं, मध्येच एखादं वाळलेलं खोड. आमच्याकडच्या बीटच्या शेतांत आठ मैलांवरून पाहुणा येताना दिसतो. इथे दहा पावलांवरचं दिसत नाही.

बेस्ता मांडीवर घोंगडी घेऊन शेजारी बसल्या होत्या. सकाळभर त्याच मला हुकूम सोडत होत्या. “तुझ्या बाजूला बघ. तिकडे काहीतरी हललं.” मी बघायची. कधी डोमकावळा, कधी बर्फाचा गोळा. एका वळणावर तर त्यांनी माझा कोपर गच्च धरला आणि म्हणाल्या, “डावीकडे, मर्ना, डावीकडे बघत राहा, मान वळवू नकोस.” मी मान अवघडेपर्यंत डावीकडे बघत राहिले. काही नव्हतं.

“तुमच्या बाजूला दिसलं का काही?” मी विचारलं.

“झाडं,” त्या म्हणाल्या.

दुपारी सुपासाठी बसलो तेव्हा तो टेक्ससचा गडी आत आला. वेंडेल नाव त्याचं. दाढीवरचा बर्फ झटकत मला म्हणाला, “बाई, काय नशीब काढलंत! त्या वाळक्या खोडावर, तुमच्या गाडीच्या उजव्या खिडकीसमोर! मी मागे उभा, हलायची सोय नाही, आणि ते घुबड तुमच्याकडेच टक लावून बघतंय.”

मी म्हटलं, दुसरी कुठली तरी गाडी असेल. करड्या ब्यूक गाड्या या भागात पैशाला पासरी. बेस्तांनी मान हलवली. “दुसरीच असणार. आम्हाला कुठलं दिसायला!” आणि सुपात पाव बुडवला.

काळजी वाटते. मोतीबिंदू वाढला असावा. देवळात मागच्या बाकावरून स्तोत्राचा आकडा वाचणारी बाई, आणि खिडकीबाहेरचं एवढं मोठं घुबड दिसू नये? जोॲनला सांगितलं पाहिजे, पोचल्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने म्हणून.

डार्लीनच्या कपाटात पक्ष्यांवरचं एक जुनं पुस्तक मिळालं. शाळा सोळाव्या वर्षी सुटली, तेव्हापासून जे हाती लागेल ते वाचते. आजचं हे: या घुबडाचे दोन कान एकाच पातळीवर नसतात. एक वर, एक खाली. म्हणून गुडघाभर बर्फाखाली पळणारा उंदीर नेमका कुठे आहे ते त्याला बसल्या जागी ऐकू येतं. दोन्ही कान सारखे असते तर नसतं कळलं.

बुधवार

वारा इतका की दुपारपर्यंत बाहेर पडता आलं नाही. खाली खानावळीत पत्ते खेळत बसलो. बेस्ता पत्त्यात लबाडी करतात, हे गावाला माहीत आहे. पाद्रीबाबांनाही माहीत आहे.

मग डार्लीनने सफरचंदाचं सारण भरून भाजलेला ॲपल पाय आणला. शेवटी एक तुकडा उरला. वेंडेलने थाळी बेस्तांपुढे सरकवली. “घ्या, आजी.”

“छे, छे. तूच घे.”

“अहो घ्या की.”

“नको रे बाबा, पोट भरलंय.”

“बरं,” म्हणाला, आणि खाऊन टाकला.

बेस्तांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. खोलीत आल्यावर मला म्हणाल्या, “टेक्ससमध्ये आया शिकवत नाहीत वाटतं पोरांना.”

“तुम्ही दोनदा नको म्हणालात की!”

“मग? दोनदा नकोच म्हणतात. पहिल्यांदा विचारतात ते रीत म्हणून, दुसऱ्यांदा विचारतात ते लाज म्हणून. खरंच द्यायचं असेल तो तिसऱ्यांदा विचारतो. तिसऱ्यांदा विचारायला काय जीभ झडली होती त्याची?”

“त्याला काय माहीत आपल्याकडची रीत?”

“त्याला माहीत नाही,” बेस्ता म्हणाल्या, “त्याचं सोड.” आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

मी पलंगावर बसून पुस्तक उघडलं, पण वाचन होईना. दोनदा विचारलं होतं मीही. पायाचं हाड मोडून बेस्ता दवाखान्यात होत्या, एकट्याने राहणं आता जमणार नाही असं डॉक्टर म्हणाला, तेव्हा म्हटलं होतं, माझ्याकडे चला. “नको, तुझ्या अंगावर कशाला?” मग नोव्हेंबरच्या सणाला, भांडी पुसताना, पुन्हा म्हटलं. “नको गं, तुझं तुला बरंय.” नाताळात जोॲन आली, तिने विचारलं, आणि बेस्ता म्हणाल्या, “तुला अडचण नसेल तर येते.” मी त्यांचे पेले कागदात गुंडाळून दिले.

पण ॲपल पायचा तुकडा म्हणजे तुकडा आणि घर म्हणजे घर. लेकीने विचारल्यावर आई हो म्हणणारच. सुनेचं नातं ज्याच्यामुळे जुळलं तोच राहिला नाही, मग सुनेने किती ताणायचं? मी उगाच काहीबाही जोडत बसले.

गुरुवार

मला ते दिसलं.

सावकाश लिहिते. उन्हं उतरत आली होती. बेस्ता शेजारी घोंगडीत डोकं खुपसून झोपल्या होत्या. मी गाडी उभी केली होती, काच पुसायला. पुसली, आणि समोर कुंपणाच्या खांबावर ते बसलेलं.

मला वाटलं होतं, भीती वाटेल. पुस्तकात चित्र आहे, पण चित्रात ते ऐकत असलेलं कळत नाही. केवढं ते तोंड, ताटाएवढं, त्यात राखाडी वर्तुळांवर वर्तुळं, पाण्यात खडा टाकल्यासारखी. पिवळे डोळे. ते माझ्याकडे बघत नव्हतं. खाली, बर्फाकडे तोंड करून ऐकत होतं. मग पंख पसरून खांबावरून सुटलं आणि अजिबात आवाज झाला नाही. मी खरोखर कान लावला होता. एवढा मोठा जीव हलला आणि काही ऐकू आलं नाही. पुस्तक म्हणतं की ते सगळं पिसांचंच असतं, वजन एखाद्या तान्ह्या बाळाहूनही कमी.

पहिला विचार आला तो आर्लोला सांगायचा. घरी जाऊन सांगू, असा पूर्ण वाक्यात आला. मग ते वाक्य जिथे जातं तिथे गेलं.

दुसरा विचार, बेस्तांना उठवावं. हात त्यांच्या खांद्यापर्यंत नेला होता. पण इतक्या गाढ झोपल्या होत्या, तोंड जरा उघडं, टोपी एका कानावर आलेली. म्हातारं माणूस असं झोपलं की उठवू नये. घुबड काय, पुन्हा दिसेल.

ते झाडांत गेलं आणि बेस्तांनी डोळे उघडले.

“काही दिसलं?”

“नाही,” मी म्हणाले.

“बरं,” त्या म्हणाल्या. मग डार्लीनकडे पोचेपर्यंत त्या काहीतरी गुणगुणत होत्या. गेल्या दोन हिवाळ्यांत मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. झोप नीट झाली असावी.

खानावळीत वेंडेलने विचारलं, तेव्हाही मी नाही म्हणाले. एकदा नाही म्हटल्यावर लगेच हो कसं म्हणायचं, असं वाटलं. आता लिहिताना कळत नाही, मी हे का केलं. खोटं बोलायची मला सवय नाही. बेस्तांना दिसलं नाही आणि मला दिसलं, हे ऐकून त्यांना वाईट वाटलं असतं. तेच कारण असणार.

शुक्रवार

जोॲनचा फोन. बेस्ता खाली डार्लीनला लेफ्से, म्हणजे आमच्याकडची बटाट्याची पातळ पोळी, लाटायला शिकवत होत्या. म्हणजे डार्लीन किती चुकीचं लाटते ते सांगत होत्या.

“मर्ना, तू तिला सोडायला निघालीयस की लपवायला?”

“त्यांना घुबड बघायचंय.”

“आईला माझ्या लग्नात बँडवाले दिसले नव्हते, आणि आता घुबड बघायचंय?” मग तिचा आवाज उतरला. जोॲन चांगली आहे. “हे बघ, मी खोली रंगवून घेतली. पडदे शिवले. आईला निळा आवडतो ना, निळेच. तू खूप केलंस आमच्यासाठी. तुझ्यावर आता तिची जबाबदारी नाही. आर्लो गेला. तू मोकळी आहेस.”

तिने हे प्रेमाने म्हटलं, मला माहीत आहे. पण तो ‘मोकळी’ शब्द दिवसभर टोचत राहिला, माशाच्या काट्यासारखा. आर्लो गेल्यावर मी किती मोकळी झाले ते मलाच माहीत. पलंगाची एक बाजू मोकळी, खुंटी मोकळी, संध्याकाळ मोकळी. एक रस्ता ओलांडला की बेस्तांच्या स्वयंपाकघरातला दिवा दिसायचा, तेवढंच भरलेलं होतं.

डार्लीनकडे उद्यापासून पक्षी बघणाऱ्यांची टोळी येते आहे. खोली रिकामी करायला हवी. जोॲनला सांगितलं, उद्या दुपारी पोचतो, घुबड दिसो की न दिसो.

बेस्तांना सांगितलं. त्या पीठ लागलेले हात बघत राहिल्या. “हो, बाई,” म्हणाल्या. “थांबून तरी किती थांबणार!”

शनिवार

सामान गाडीत टाकलं. डार्लीनने बेस्तांच्या हातात उरलेल्या लेफ्सेंचं पुडकं दिलं. बेस्ता दोनदा नको म्हणाल्या, डार्लीनने तिसऱ्यांदा कोंबलं. ती इथलीच आहे.

मोठा रस्ता लागायच्या आधी एक वळण आहे. तिथे पिवळी पाटी आहे, वळणाची. त्या पाटीवर ते बसलं होतं.

मी गाडी थांबवली. आडोसा नाही, झाड नाही, स्वच्छ ऊन. हात लांब केला तर लागेल म्हणणार नाही, पण दगड मारला तर नक्की लागेल एवढ्यावर. ते आमच्याकडे तोंड करून बसलं होतं, काचेतून थेट आत बघत. मी बघत होते. बेस्ताही समोरच बघत होत्या. दुसरीकडे बघायला काही नव्हतंच.

मला आता म्हणायचं होतं, ‘ते बघा, बेस्ता.’ ते म्हटलं की पुढचं ठरलेलं होतं. माझं तोंड उघडेना.

गाडीचा हीटर तेवढा घोंघावत होता.

“काही दिसत नाही बाई,” बेस्ता म्हणाल्या.

घुबडाने मान तिरकी केली.

“मलाही नाही,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही बघितलं नाही. पण घोंगडीखालून त्यांचा हात बाहेर आला आणि गिअरच्या दांड्याशेजारी येऊन थांबला. लोकरी हातमोजा, अंगठ्याला मी रफू केलेला.

“बेस्ता, माझ्याकडे राहा.”

“तुला त्रास होईल.”

इथे आमच्याकडचं कोणीही ‘छे, त्रास कसला!’ म्हणालं असतं. मीही जन्मभर तेच म्हणत आले. पण मला त्यांना नुसतं बरं वाटावं म्हणून काही म्हणायचं नव्हतं.

“होईल,” मी म्हणाले. “तुम्ही पहाटे रेडिओ लावता. माझे डबे तुमच्या मनासारखे लावाल आणि मला मीठ सापडणार नाही. पत्त्यात फसवाल. त्रास होईल. तरी राहा.”

“आर्लो नाही, मर्ना. आता मी तुझी कोण लागते?”

हा तर माझा प्रश्न. तो मी त्यांच्यासाठी जपून ठेवला होता, आणि तो त्यांच्याही खिशात निघाला.

“ते मला माहीत नाही,” मी म्हणाले. “पण लागता.”

घुबड पाटीवरून उतरलं, गाडीच्या टपावरून गेलं, सावली बर्फावरून सरकली. आम्ही दोघींनी माना वाकवून ते पार मागच्या काचेतून दिसेनासं होईपर्यंत बघितलं आणि त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. बेस्ता नाक पुसत होत्या. गारठ्याने असेल.

“फारच आग्रह करतेयस,” शेवटी त्या म्हणाल्या, “म्हणून हं.”

रविवार, ड्युलूथ

काल पोचलो तेव्हा जोॲनने दारातच ओळखलं. सामान गाडीतून काढायला आम्ही हात लावला नव्हता, त्यावरून. जेवण झालं. मग ती म्हणाली, “आई, जायचंच नव्हतं तर मला हो का म्हणालीस?”

“तू विचारलंस म्हणून.”

“मनातून नको होतं तर नको म्हणायचं!”

“नको म्हणाले असते तर तू लगेच खोली दुसऱ्याला दिली असतीस. तू लहानपणापासून घाईची.”

जोॲन हसली आणि तशीच रडायला लागली. पडद्यांसाठी रडतेय म्हणाली. बेस्तांनी तिला जवळ ओढलं, पोर असल्यासारखं, आणि ती साठीची बाई खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसून राहिली. मी भांडी घासायला घेतली. नळ जरा मोठा सोडला.

ठरलं ते असं: जून-जुलै बेस्ता इथे, तळ्याकाठी, बाकी माझ्याकडे. निळे पडदे जूनची वाट बघत इथेच राहणार. डोळ्यांच्या डॉक्टरचं मी काढलं, तर जोॲन म्हणाली, सप्टेंबरमध्येच तपासले होते, दोन्ही उत्तम आहेत.

निजायला जाताना जोॲन जिन्यात थांबली. “मला वाटायचं, मी तुझ्या डोक्यावरचं ओझं उतरवतेय,” म्हणाली.

“मलाही वाटायचं, तू उतरवतेयस,” मी म्हणाले.

सोमवार

घरी निघालो. आकाश भरून आलंय, अंधार पडायच्या आत पोचलं पाहिजे, म्हणून सकाळीच कॉफी पिऊन गाडी काढली. हे मी वाटेत, पेट्रोल भरताना लिहिते आहे. बेस्ता आत पैसे द्यायला गेल्या आहेत, म्हणजे तिथल्या बाईशी हवेबद्दल बोलत असणार, वेळ आहे.

दलदल पार करताना मी वेग कमी केला नव्हता. आता शोधायचं काही नव्हतं. त्या पहिल्या दिवशीच्या वळणावर बेस्तांनी एकदम माझा कोपर धरला.

“थांब, थांब. इथे थांब.”

“का? बरं नाही वाटत?”

“मला काय धाड भरलीय? त्या वाळक्या खोडाशी घे.” त्यांनी उजवीकडची काच खाली केली. अंगावर काटा येईल असा गार वारा आत आला. “तिथेच बसलं होतं गं, एवढं मोठं. पण मेलं धड बघताच आलं नाही. सारखी तू विचारणार, दिसलं का, दिसलं का! आता जरा निवांत बघू दे.”

खोडावर काहीच नव्हतं. बेस्ता तरी बघत होत्या.

मी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.